नखाची बुरशी : आधी काचपट्टी, मग औषध

पायाच्या अंगठ्याचे नख पिवळे पडते, जाड होते, कडेने त्याचा भुगा सुटू लागतो. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून वर्ष-दोन वर्षे तिकडे कुणी ढुंकून पाहत नाही. मग एखाद्या लग्नकार्याच्या तोंडावर ते डोळ्यांत खुपू लागते आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब घरात येते. शाळकरी मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा पडून तिथले केस गेले, तर ‘चाई पडली’ असे ठरवून कांद्याचा रस चोळला जातो. दोन्ही ठिकाणी निदान झालेले नसते, नुसता अंदाज बांधलेला असतो. अंदाजाने नखाची किंवा केसाची बुरशी बरी होत नाही. उलट त्वचेच्या बुरशीबाबत असल्या अंदाजांची किंमत गेल्या दहाएक वर्षांत साऱ्या देशाने मोजली आहे. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. नखाला किंवा केसाला बुरशी लागल्याची शंका आली, तर नमुना मायक्रोस्कोपखाली पाहण्याची सोय झाल्याशिवाय पोटात घ्यायचे औषध सुरू होऊ नये, आणि ही तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत फुकट पोहोचली पाहिजे. हे मांडताना चेन्नईचे उदाहरण घ्यावेसे वाटते. तिथली हवा बुरशीला मानवणारी आहे, तिथल्या डॉक्टरांनी या रोगाची शास्त्रीय नोंद फार पूर्वीपासून ठेवली आहे, आणि तिथल्या सरकारी औषधपुरवठ्याच्या वाटेने आता महाराष्ट्रही निघाला आहे.

चेन्नईत थंडी म्हणावी अशी नसतेच. उन्हाळाभर समुद्राची दमट हवा आणि घाम, आणि आपल्याकडे आकाश मोकळे होते त्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दिवसांत तिथे ईशान्य मोसमी पाऊस. २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात शहराच्या कितीतरी वस्त्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. त्या पाण्यात उतरून गटारे मोकळी करणारे सफाई कामगार, कासिमेडू बंदरावर बर्फ आणि खाऱ्या पाण्यात हात घालून मासळी निवडणारे लोक, कोयंबेडूच्या बाजारात ओल्या फरशीवर पहाटेपासून उभे असलेले हमाल, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, या सगळ्यांची नखे दिवसातले कित्येक तास ओली असतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली मराठी मंडळी तमिळनाडूच्या गावोगावी आहेत. भट्टीशेजारच्या लहानशा गाळ्यात दिवस काढणाऱ्यांना घामाची ओल चुकत नाही. पण ओल सगळ्यांची सारखी दिसली तरी रोग सारखा नसतो, आणि इथेच अंदाज फसायला सुरुवात होते. बंद बुटात घाम जिरणाऱ्या पायाच्या नखात बहुधा ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी सापडते. सतत पाण्यात असलेल्या हाताच्या नखाशेजारची कातडी आधी सुजते, नखुरडे होते, आणि तिथे पुष्कळदा कँडिडा नावाचे यीस्ट घर करते. मातीतून येणाऱ्या फ्युजेरियम, स्कोप्युलॅरिऑप्सिस यांसारख्या बुरश्यांचा गट आणखी वेगळा. टर्बिनाफिन हे बुरशीवरचे औषध पहिल्या गटावर उत्तम चालते, कँडिडावर तितकेसे नाही, आणि तिसऱ्या गटाचे बेभरवशाचे आहे. बाहेरून तिन्ही नखे पिवळी आणि खडबडीतच दिसतात.

केसांच्या बुरशीबाबत तर चेन्नईची नोंद फारच मोलाची आहे. मद्रास मेडिकल कॉलेजचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. ए. एस. तंबय्या आणि त्यांच्या सहकारी डॉ. ए. कमलम यांनी १९८० साली ‘मायकोपॅथोलोजिया’ या नियतकालिकात डोक्याच्या गजकर्णावर निबंध लिहिला आणि हा रोग मद्रासमध्ये मूळ धरून बसलेला आहे, असे शीर्षकातच सांगून टाकले. तिथे प्रामुख्याने सापडणारी ट्रायकोफायटॉन व्हायोलेशियम ही बुरशी केसाच्या आत शिरते. केसाची नळी बीजाणूंनी भरते, केस ठिसूळ होतो आणि कातडीच्या पातळीवरच तुटतो. भिंगातून पाहिले तर टक्कल पडलेल्या जागी मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसतात. ते तुटलेल्या केसांचे बुडखे असतात. हा रोग मुख्यतः वयात न आलेल्या मुलांचा आहे. वयात आल्यावर डोक्याच्या कातडीतल्या तेलात जी स्निग्धाम्ले येतात ती या बुरशीला रोखतात, असे मानले जाते. एका फणीने, एका टोपीने, एका उशीने तो घरात फिरतो, आणि सलूनमधले मशीन न पुसता एका डोक्यावरून दुसऱ्यावर गेले तर तिथूनही. कधी त्यातून दुखरी, लिबलिबीत, पू वाहणारी गाठ येते. तिला केरिऑन म्हणतात. गळू समजून तिला चीर दिली जाते, जिवाणूंवरची औषधे दिली जातात, आणि आठवडे वाया जातात. खरे तर ती सूज बुरशीविरुद्ध शरीरानेच उठवलेली असते. उपचाराला उशीर झाला तर केसांची मुळे जळतात आणि तेवढ्या जागेचे टक्कल जन्मभर राहते. लहान पोराच्या आयुष्यावरचा हा व्रण चार-सहा आठवड्यांच्या गोळ्यांनी टळू शकला असता, हे कळले की जीव कळवळतो.

डोक्याच्या बुरशीवर नुसते मलम कधीच पुरत नाही, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही माहीत नसते. बुरशी केसाच्या आत आणि मुळाच्या खोबणीत असते. मलम कातडीवर राहते. कीटोकोनॅझोलचा शाम्पू इतरांना होणारा संसर्ग कमी करतो, रोग बरा करत नाही. १९५८ पर्यंत पोटातून देण्याजोगे औषधच नव्हते. तेव्हा जगभर मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून सगळे केस गाळून टाकत. इस्रायलमध्ये नव्याने आलेल्या निर्वासितांच्या हजारो मुलांवर हा उपचार झाला आणि पुढे त्यांच्यात मेंदूच्या गाठींचे व थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. १९९४ मध्ये तिथल्या सरकारने भरपाईचा कायदा केला. ग्रिझिओफल्विन हे पोटातून द्यायचे औषध आले आणि क्ष-किरणांचे ते पर्व संपले. वजनाच्या हिशेबाने सहा ते आठ आठवडे दिलेले हे जुने औषध आजही, विशेषतः मांजरा-कुत्र्यांकडून येणाऱ्या मायक्रोस्पोरम बुरशीवर, कामाला येते. ट्रायकोफायटॉनवर टर्बिनाफिन कमी दिवसांत काम करते. म्हणजे इथेही कोणती बुरशी आहे हे समजले की औषध ठरते. एक खबरदारी मात्र नोंदवायला हवी. पू झालेली गाठ असेल तर कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून पाहण्याच्या, अहवालासाठी तीन-चार आठवडे थांबायचे नसते. केस उपटून नमुना घ्यायचा आणि त्याच दिवशी औषध सुरू करायचे. तपासणीचा आग्रह म्हणजे उपचार लांबवण्याचा आग्रह नव्हे.

नखाचे शास्त्र समजून घेतले की मलमाची ट्यूब तिथे का हरते तेही कळते. नख म्हणजे केराटिनचा घट्ट, मृत पत्रा. या बुरश्या केराटिनच खातात. ते विरघळवणारी विकरे त्या स्वतः तयार करतात. सुरुवात बहुतेक वेळा पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांपासून होते. तिथून बुरशी नखाच्या पुढच्या मोकळ्या कडेखाली शिरते, नख आणि त्याखालची गादी यांच्या मधून मागे मागे मुळाकडे सरकते. वर चोळलेले मलम तो पत्रा भेदून गादीपर्यंत पोहोचतच नाही. एक-दोन नखांचे पुढचे टोकच बिघडले असेल तर अमोरोल्फिन किंवा सायक्लोपिरॉक्सचे खास नखावर लावायचे लेप महिनोन्‌महिने लावून उपयोग होतो. रोग मुळापर्यंत गेला की गोळ्यांना पर्याय नाही. टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, हाताच्या नखांसाठी सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा. किंवा इट्राकोनॅझोल महिन्यातून एक आठवडा, असे दोन-तीन हप्ते. यातली खरी अडचण धीराची आहे. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्मेही नाही. बारा आठवडे गोळ्या घेतल्यावरही अंगठ्याचे पिवळे नख पिवळेच दिसते. औषध केराटिनमध्ये साठून पुढे कित्येक आठवडे काम करत असते, पण नवे स्वच्छ नख मुळापासून टोकापर्यंत यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. हे कुणी सांगितलेले नसते. म्हणून दुसऱ्या महिन्यात माणूस वैतागतो, औषध अर्ध्यावर टाकतो, किंवा शेजाऱ्याने सांगितलेले दुसरे घेतो.

आता मूळ मुद्दा. जाड, पिवळ्या, वेड्यावाकड्या नखांपैकी सुमारे निम्मीच बुरशीची असतात, हे त्वचारोगशास्त्रात मान्य झालेले आहे. उरलेल्यांत सोरायसिस असतो, लायकेन प्लॅनस असतो, घट्ट बुटाने रोज बसणारा मार असतो, म्हातारपणी मंदावलेला रक्तपुरवठा असतो. यातल्या कुठल्याही नखाला टर्बिनाफिन लागू पडणार नाही. तीन महिने खर्च होईल आणि यकृताला विनाकारण काम लागेल. हे टाळणारी तपासणी किती साधी आहे ते पाहण्यासारखे आहे. नख आधी स्पिरिटने पुसतात. पुढचा सुटा भुगा कापून बाजूला टाकतात, कारण त्यात बुरशी मेलेली असू शकते. मग बोथट पात्याने नखाखालून, जितके मुळाजवळ जाता येईल तितके जाऊन, पांढुरका चुरा खरवडतात. तो काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. कातडीच्या खपलीला दहा-वीस टक्क्यांचे द्रावण पुरते. नख कडक, म्हणून चाळीस टक्क्यांपर्यंतचे वापरतात आणि काही तास, कधी रात्रभर, ठेवतात. केराटिन विरघळून पारदर्शक होते, बुरशीची भिंत मात्र टिकते. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या धूसर पसाऱ्यातून आरपार जाणारे, फांद्या फुटलेले, पेरापेरांचे बारीक धागे दिसतात. एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. धागे आहेत की नाहीत, एवढ्या एका उत्तरावर तीन महिन्यांचे औषध अवलंबून असावे, यात मला काहीच अवाजवी वाटत नाही.

अंदाजाने औषध देण्याचा परिणाम काय होतो, हे आपण कातडीच्या गजकर्णात पाहिले आहे. या देशात वर्षानुवर्षे क्लोबेटासॉलसारखे जहाल स्टेरॉइड, बुरशीचे एक औषध आणि जिवाणूंची एक-दोन औषधे एकत्र कालवलेली मलमे चिठ्ठीशिवाय विकली गेली. कोणता रोग आहे हे ठाऊक नसले तरी चालेल, काहीतरी लागू पडेलच, हा त्यामागचा हिशेब. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आणि शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे बुरशी खुशाल पसरते. चट्ट्याचे रूप असे बदलते की अनुभवी डॉक्टरलाही ओळखू येत नाही. कातडी पातळ होऊन जांघेत कायमचे वळ उठतात. या मिश्रणांविरुद्धच्या लढ्यात दोन मराठी नावे अभिमानाने घ्यावीत अशी आहेत. औषधांच्या अशा मिश्रणांची छाननी करणाऱ्या केंद्राच्या समितीचे अध्यक्ष होते बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे, ज्यांचे औषधी वनस्पतींवरचे पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या फार्मसीच्या मुलांच्या हातात हमखास असते. त्या समितीच्या शिफारशींवरून मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या न्यायालयात गेल्या; सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी करायला सांगितली, आणि ती मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या समितीने केली. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. त्याच वर्षी मार्चमध्ये १४ स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली होती. कागदावर प्रश्न सुटला. दुकानाच्या काउंटरवर मात्र ‘गजकर्णाची ट्यूब द्या’ म्हटले की आजही चिठ्ठी विचारली जाईलच, अशी खात्री कुणी देऊ शकणार नाही.

याच काळात बुरशीही बदलली. २००७ साली चेन्नईतल्या संशोधकांनी शहरातल्या रुग्णांचे नमुने तपासून ट्रायकोफायटॉन रुब्रम ही प्रमुख बुरशी असल्याचे नोंदवले होते. पुढच्या दहा वर्षांत भारतभर चित्र पालटले. अंगभर पसरणारी, घरातल्या सगळ्यांना धरणारी, औषधाला न जुमानणारी बुरशी पुढे आली. चंदीगडच्या पीजीआयमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की टर्बिनाफिन ज्या विकरावर घाव घालते, त्याच विकराच्या जनुकात या बुरशीने बदल करून घेतला आहे. २०२० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तिला स्वतंत्र नाव दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. भारताचे नाव त्यात कायमचे कोरले गेले. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधल्या पहिल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ही बुरशी मुख्यतः कातडीची आहे, नखात ती अजून क्वचित आढळते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण नखाच्या बुरशीवरचे आपले सर्वांत भरवशाचे औषध टर्बिनाफिनच आहे. ते अर्धवट मात्रेत, चुकीच्या रोगावर आणि मधेच सोडून देत वापरत राहिलो, तर नखातल्या बुरश्याही त्याला सरावतील, ही भीती काल्पनिक म्हणता येणार नाही. या रोगांना कुणी मरत नाही, म्हणून त्यांची गणनाही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्राधान्याच्या १९ बुरश्यांची यादी काढली, तिच्यात गजकर्णाची एकही बुरशी नाही.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो, आणि तो हलका नाही. अनुभवी डोळ्याला बुरशीचे नख ओळखू येते, टर्बिनाफिन आता स्वस्त आहे, मग प्रत्येकाची तपासणी कशाला? २०१६ साली ‘जामा डर्मॅटॉलॉजी’मध्ये आलेल्या एका आर्थिक विश्लेषणाचा निष्कर्षही असाच होता : तपासणी न करता सरळ टर्बिनाफिन देणे स्वस्त पडते. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने नेमका उलटा सल्ला दिला होता, की खात्री केल्याशिवाय नखाच्या बुरशीसाठी पोटातले औषध देऊ नका. मला दुसरी बाजू पटते, आणि तिची कारणे आपल्या परिस्थितीतली आहेत. २०१६ चा तो हिशेब अमेरिकेतल्या लॅबच्या दरांवर बेतलेला होता. आपल्याकडे काचपट्टी आणि पोटॅशच्या थेंबाचा खर्च बारा आठवड्यांच्या गोळ्यांपुढे काहीच नाही. दुसरे म्हणजे त्या हिशेबात एका रुग्णाचा खर्च मोजला आहे, औषध निकामी होण्याचा समाजाला पडणारा भुर्दंड नाही. आणि अनुभवी डोळ्याबद्दल बोलायचे, तर तालुक्याच्या दवाखान्यात शंभर रुग्ण तपासणारा एमबीबीएस डॉक्टर सोरायसिसचे नख आणि बुरशीचे नख नजरेने ओळखेल, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

तपासणीही चुकते, हा दुसरा आक्षेप. खरेच चुकते. बुरशी असूनही काचपट्टी कोरी निघते, असे कमी वेळा होत नाही. नमुना टोकाकडून घेतला, रुग्णाने आधीच मलम लावलेले असले, की हमखास होते. कल्चर तर आणखी बिनभरवशाचे आणि हळू. त्याचे उत्तर नमुना मुळाजवळून पुन्हा घेणे, किंवा कापलेले नख पॅथॉलॉजीकडे पाठवून ‘पीएएस’ नावाच्या रंगद्रव्याने रंगवून पाहणे हे आहे. त्यात बुरशी सर्वांत जास्त वेळा सापडते. शंभरातले काही निसटतील म्हणून सगळेच अंधारात करावे, असे कुठल्याच तपासणीबाबत आपण म्हणत नाही. डोळ्यांनी पाहण्याची ही परंपरा मद्रास आणि मुंबई या दोन इलाख्यांना नवी नाही. मदुराईच्या नावाने ओळखला जाणारा ‘मदुरा फूट’ हा पायाचा भयंकर रोग बुरशीचा आहे, हे १८६० च्या सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मायक्रोस्कोप लावून सांगितले ते हेन्‍री व्हँडाइक कार्टर यांनी, जे पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते.

‘नुसते एक नख, त्यासाठी यकृताला त्रास देणाऱ्या गोळ्या कशाला’ हा घराघरांतला आक्षेप आहे. टर्बिनाफिनमुळे यकृताला गंभीर इजा होण्याचे प्रमाण ५० हजार ते एक लाख २० हजार रुग्णांत एक इतके थोडे आहे; सुरुवातीला यकृताची रक्ततपासणी केली, दारू आणि आधीचे यकृताचे आजार विचारून घेतले, की धोका आणखी घटतो. कीटोकोनॅझोलच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ मध्येच त्या नख-कातडीसाठी देऊ नयेत असे बजावले. इट्राकोनॅझोल हृदय दुबळे असलेल्यांना देऊ नये, आणि ते कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर चालत नाही. म्हणजे भीती गोळीची नसावी, डॉक्टरला न विचारता घेतलेल्या गोळीची असावी. बरे, ते ‘नुसते एक नख’ असते असेही नाही. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने आयसीएमआरबरोबर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटी १० लाख आहेत. कॅनडातल्या १९९८ च्या एका अभ्यासात मधुमेहींना नखाची बुरशी होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे पावणेतीन पट आढळली होती. ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्याच्या अंगठ्याचे जाड झालेले नख बुटात दाबले जाऊन खाली जखम करते आणि त्याला कळतही नाही. त्या जखमेत जिवाणू शिरले की प्रश्न बोट वाचवण्याचा होतो. सत्तरीतल्या आजोबांचे नख कोण बघतो, असे म्हणण्याआधी त्यांची साखर किती आहे ते विचारावे.

शेवटचा आक्षेप गरिबीचा, आणि तोच सर्वांत खरा. कोयंबेडूच्या हमालाला त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. मेडिकलवाला रात्री दहापर्यंत उघडा असतो. त्याला दोष देऊन काही साधणार नाही. दवाखाना जवळ आणायला हवा, आणि इथे तमिळनाडूकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनने सरकारी दवाखान्यांसाठी औषधे एकत्रित विकत घेण्याची, प्रत्येक खेप वापरण्याआधी प्रयोगशाळेत तपासण्याची आणि जिल्ह्याच्या गोदामातून पुरवण्याची घडी बसवली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मक्कलै तेडि मरुत्तुवम’ योजनेत आरोग्यसेविका मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच देतात. ती बाई दारात उभी असतेच. तिने पायमोजे काढायला लावून दहा नखे पाहिली आणि शंका आलेल्या माणसाला तपासणीची चिठ्ठी दिली, तर वेगळी योजना लागत नाही. मायक्रोस्कोपही नवा आणायचा नाही. मलेरियाच्या आणि क्षयाच्या काचपट्ट्यांसाठी तो प्राथमिक आरोग्य केंद्रांत पोहोचलेला आहे, त्याच्याशी बसणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे, आणि क्षयाचे निदान आता अधिकाधिक जनुकीय चाचण्यांकडे वळत असल्याने त्याच्याकडे वेळही निघेल. लागेल ती पोटॅशची बाटली, खरवडण्याचे पाते, आणि तंत्रज्ञाला थोड्या दिवसांचे शिक्षण. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे केले, ते तमिळनाडूचेच उदाहरण समोर ठेवून. कोकणातला पावसाळा आणि मुंबईतल्या लोकलची गर्दी चेन्नईपेक्षा बुरशीला कमी सोयीची नाही. प्राधिकरणाने टर्बिनाफिन आणि ग्रिझिओफल्विनची पूर्ण मात्रा पुरवावी, आणि ती काचपट्टीच्या अहवालाशी जोडून द्यावी. म्हणजे औषध वायाही जाणार नाही आणि अर्धवटही राहणार नाही.

सरकार हे करेपर्यंत वाचकांनी एवढे तरी करावे. नखासाठी गोळी लिहून मिळाली, तर ‘आधी खरवडून तपासूया का’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. मुलाच्या डोक्यावरच्या चट्ट्यात काळे ठिपके, खपल्या किंवा पू दिसला तर कांदा-लसूण बाजूला ठेवून त्याच आठवड्यात त्वचारोग विभागात जावे, आणि घरातल्या इतर मुलांची डोकीही दाखवावीत. चिखल्या साध्या म्हणून सोडू नयेत. बोटांमधली जागा कोरडी करावी, मोजे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. गोळ्या सुरू झाल्या तर ठरलेले आठवडे पूर्ण करावेत. आणि मेडिकलमधून घेतलेल्या ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ती गजकर्णावर लावू नये, परत करावी.